उपवर आणि ढगाळ

“बाई, समोरचा फळा आज कोराच हाय वं!”

हौसाक्काचा तो आवाज अजून माझ्या कानांत आहे. उकडलेल्या शेंगांच्या वाफेतून आलेला, जरासा घोगरा, आणि बातमी कुणाचीही असो, ती आपल्याच घरची असल्यासारखा काळजीनं भरलेला.

शुक्रवार होता. शाळेची पहिली घंटा व्हायची होती. मी मुलींच्या शाळेच्या फाटकात उभी होते. रस्त्यापलीकडं, अगदी समोर, मुलांच्या शाळेचं फाटक. आणि दोन्ही फाटकांच्या मध्ये, पिंपळाच्या मुळाशी, हौसाक्काची शेंगांची पाटी. तिथं बसून तिला दोन्ही शाळांचं सगळं दिसायचं.

“पुसला असेल,” मी म्हटलं. “लिहितील आता.”

“कोन लिवनार? सरच न्हाईत. सकाळच्या यष्टीनं गेल्यात कुटंतरी. इस्त्रीचा सदरा घालून.” मग तिनं माझ्याकडं निरखून बघितलं. “तुमी काल काय लिवलासा वं? गडी पार गावच सोडून गेला!”

मी हसले. पण हातातला खडू मोडला.

*

गडहिंग्लजात तेव्हा प्रत्येक शाळेच्या फाटकात एक काळा फळा असायचा आणि त्यावर रोज एक सुविचार. आमच्या शाळेत ते काम माझ्याकडं आलं तेव्हा मला त्या सुविचारांचा कंटाळा आला होता. नेहमी खरे बोलावे, वेळेचे महत्त्व ओळखावे. मुली त्याखालून वेण्या उडवत निघून जायच्या. मी इंग्रजी शिकवत होते. म्हणून एक दिवस मी फळ्यावर सुविचाराच्या जागी इंग्रजीतला एक शब्द लिहिला, फारसा न वापरला जाणारा: लेव्हरेट. अर्थ, सशाचं पिल्लू. मूळ, लॅटिनमधला लेपस, म्हणजे ससा. फ्रान्समधून फिरत फिरत इंग्लंडला गेलेला. आणि खाली एक ओवी.

*ससुलीचं पोर*
*गवतात दडे*
*कान ते वाकडे*
*ऐकती रान*

ओवी का, तर माझा नाइलाज. आई जात्यावर बसायची तेव्हा मी तिच्या मांडीवर डोकं टाकून झोपायची. पिठासारख्या ओव्या माझ्यावर पडायच्या. पुढं इंग्रजीत बी.ए. झाले, बी.एड. झाले, तरी एखादी गोष्ट ओवीत बसल्याशिवाय माझ्या डोक्यात बसायची नाही.

त्या दिवशी मुली फळ्यापाशी थांबल्या. दुपारपर्यंत सगळी शाळा ससुली ससुली करत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर समोरच्या फळ्यावरचा सुविचारही गायब. तिथं कोरीव, सरळ, एकाही वेलांटीचा लाड न करणाऱ्या अक्षरात लिहिलं होतं:

*लेव्हिरेट. मृत भावाच्या पत्नीशी दिराने लग्न करण्याची जुनी चाल. मूळ लॅटिन लेवीर, म्हणजे दीर. आपल्या संस्कृत देवृ या शब्दाचा भाऊबंद. सशाशी संबंध नाही.*

खाली फक्त ‘दि. ने.’ म्हणजे दिगंबर नेसरीकर. मुलांच्या शाळेत इंग्रजी शिकवणारे. उंच, किडकिडीत, बारा महिने काखेत छत्री. लग्न झालेलं नव्हतं. गावात म्हणायचे, सरांना मुलगी दाखवायला नेली तर ते तिच्या नावाचं मूळ सांगतात आणि चहा पिऊन परत येतात.

‘सशाशी संबंध नाही’ हे वाचून मी फाटकातच इतकी हसले की हौसाक्कानं विचारलं, “कोन मेलं का जल्मलं?”

“दीर,” मी म्हटलं. “दीर विलायतेला गेला आहे, हौसाक्का.”

तेव्हापासून सुरू झालं. मी एक शब्द लिहायचा, त्यांनी दुसऱ्या दिवशी पहिल्या घंटेच्या आत त्याच्या तोंडावळ्याचा दुसरा लिहायचा. पुढच्या वेळी उलट. मी व्हीनल लिहिलं, पैशानं विकला जाणारा. त्यांनी व्हीनिअल लिहिलं, क्षमा करण्याजोगा. आणि खाली, ‘एकीचे माहेर बाजारात, दुसरीचे दयेत. गल्लत करू नये.’ मी निडिकोलस लिहिलं, डोळे मिटलेली, पुष्कळ दिवस घरट्यातच राहणारी पिल्लं. त्यांनी निडिफ्यूगस लिहिलं, अंड्यातून बाहेर पडताच तुरुतुरु पळणारी, कोंबडीची वगैरे. दोघांचं माहेर एकच, लॅटिन निडस; आपलं नीड, घरटं, त्याच घराण्यातलं. त्या दिवशी फळ्यासमोर मी जरा जास्तच वेळ उभी राहिले. तिशी ओलांडली होती आणि मी अजून भावाच्या घरट्यात होते.

नियम आपोआप झाले. उत्तर जोडीचंच हवं. मूळ सांगितलंच पाहिजे. जो चुकेल त्यानं त्या दिवशी हौसाक्काच्या शेंगा समोरच्या शाळेत पाठवायच्या. आणि एक नियम कुणीच केला नव्हता, पण सगळ्यात कडक तोच होता: रस्ता कुणी ओलांडायचा नाही. मुलींच्या शाळेतली मास्तरीण मुलांच्या शाळेच्या फाटकात जात नाही, आणि तिकडचा मास्तर इकडं येत नाही. पंधरा ऑगस्टला मैदानावर भेट व्हायची. ते म्हणायचे, “नमस्कार, रेडेकरबाई.” मी म्हणायची, “नमस्कार, सर.” एवढं झालं की दोघंही झेंड्याकडं बघायचो.

पण मला त्यांच्याबद्दल पुष्कळ माहीत होतं. सर्दी झाली की त्यांचं अक्षर तिरकं व्हायचं. फळा ते डाव्या बाहीनं पुसायचे, त्यामुळं त्यांची डावी बाही कायम पांढरी. शब्दाच्या मुळाबद्दल खात्री नसली की लिहायचे, ‘मूळ ठाऊक नाही.’ हे असं सगळ्या गावासमोर लिहिणारा माणूस मी दुसरा पाहिला नव्हता.

आणि मला तो खेळच आवडायचा. दोन शब्द दिसायला असे की जत्रेत एकाच कापडाचं लुगडं नेसून दोघी समोर आलेल्या. वाटावं, बहिणी. मग विचारावं: बायांनो, नाव काय, गाव कोणतं, मामा कुठला? तर एक निघते सशाच्या रानातली, दुसरी दिराच्या घरातली. सोयरिकीच्या वेळी आपल्याकडं माणसांची चौकशी करतात, तशी आम्ही शब्दांची करायचो.

*

त्या शुक्रवारच्या आधी, बुधवारी जेवताना दादानं ताटातून मान वर न करता सांगितलं, “यमू, निपाणीचं एक स्थळ आलंय.”

दादाचा मिरचीचा व्यापार. माझ्याहून मोठा, आईवडिलांच्या मागं त्यानंच मला शिकवलं. बोलताना ओरडतो, पण त्याच्या ओरडण्याला आमच्या घरातलं मांजरसुद्धा भीत नसे.

“तंबाखूचे व्यापारी आहेत. शिकलेले. वय तुझ्या जोडीचं. पहिली बायको बाळंतपणात गेली, मूलबाळ नाही. तुझी नोकरी चालू राहिली तरी त्यांना चालतंय.”

“वन्सं, फोटो तरी बघा,” वहिनी म्हणाली. “नाक चांगलं आहे.”

“नाकाला घेऊन काय करू, वहिनी?”

“आमच्या वेळी आम्हाला तेवढंसुद्धा दाखवलं नव्हतं,” ती दादाकडं बघत म्हणाली. दादानं नाक खाजवलं.

“रविवारी त्यांचा माणूस मिरचीच्या बाजाराला येतोय,” दादा म्हणाला. “त्याच्याबरोबर निरोप द्यायचाय. होय तर होय, नाही तर नाही. यमू, मी जबरदस्ती करणार नाही. पण नाही म्हणायचं असेल तर मला कारण पाहिजे. दर वेळी नुसतं नाही, नाही. लोक मलाच विचारतात, बहिणीत काय खोट आहे काय.”

“रविवारी सांगते,” मी म्हटलं.

कारण मला माहीत होतं. ते रस्त्यापलीकडं उभं राहून डाव्या बाहीनं फळा पुसत असे. पण ते दादाला कसं सांगायचं? हा माणूस माझ्याशी ‘नमस्कार’पलीकडं बोललेला नाही, हे मी माझं मलाच सांगायला लाजत होते. शब्दांची आवड होती त्यांना. शब्द लिहिणारीची होती की नाही, कुणास ठाऊक.

म्हणून गुरुवारी, माझी पाळी होती, मी कोशाचं पान मुद्दाम उघडलं आणि लिहिलं:

*न्यूबाइल. उपवर, लग्नाला योग्य. मूळ लॅटिन न्यूबेरे, नवरा करणे.*

आणि खाली:

*नवरीच्या मुखा*
*पदराची आड*
*पदर तो काढ*
*कुणीतरी*

पहिल्याच तासाला मोठ्या बाईंनी बोलावलं. “रेडेकरबाई, हे काय लिहिलंय फाटकात?”

“शब्द आहे, बाई.”

“नुसता शब्दच आहे ना?”

“हो, बाई.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं, बराच वेळ. “ओवी बरी जमलीय,” म्हणाल्या आणि हजेरीपटात डोकं घातलं.

आणि शुक्रवारी समोरचा फळा कोरा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

*

दिवसभर हौसाक्का मला सोडेना. मधल्या सुट्टीत तिनं एका मुलीबरोबर शेंगांचा पुडा पाठवला. “हौसाक्का म्हणते, हरलेल्या सरांच्या वतीनं.” मुली फिदीफिदी हसत होत्या. आमच्या वर्गात एक ओवी तयार झाली होती, तीही मला ऐकू यावी अशा बेतानं म्हटली जात होती:

*समोरच्या फळ्या*
*जीभ नाही कशी*
*बाईंच्या ओवीशी*
*हरला मास्तर*

मी रागवायला हवं होतं. पण तिसऱ्या ओळीचं यमक इतकं चांगलं जुळलं होतं की माझ्यानं रागवलं नाही.

शनिवारी सकाळची शाळा. पहिल्या घंटेला समोरचा फळा कोराच; उत्तर आलं नव्हतं म्हणून माझी ओवीही मी पुसली नव्हती. मग मी ठरवलं की बघायचं नाही. शाळा सुटली, मुली पाखरांसारख्या पांगल्या, आणि मी फाटकाला कुलूप लागेपर्यंत मुद्दाम रेंगाळून बाहेर आले. बघायचं नव्हतं, पण बघितलं.

ते उभे होते. पाठमोरे. छत्री फळ्याला टेकवलेली. इस्त्रीच्या सदऱ्याची घडी प्रवासानं मोडलेली. लिहून झालं तसे ते बाजूला झाले, क्षणभर माझ्याकडं वळले, नमस्कारासाठी अर्धा हात वर केला आणि छत्री उचलून आत निघून गेले.

फळ्यावर होतं:

*न्यूबिलस. ढगाळ.*

बस्स. मूळ नाही. खाली सही नाही.

मी वर बघितलं. माघाचं आभाळ, धुऊन वाळत घातलेल्या धोतरासारखं पांढरंस्वच्छ. कुठं टाचणीएवढा ढग नाही.

“काय लिवलंय वं?” हौसाक्कानं विचारलं.

“ढगाळ.”

“आँ?” तीही वर बघायला लागली. “तुमी काय लिवला हुता?”

“उपवर.”

हौसाक्का पदरानं शेंगा झाकत म्हणाली, “बाई, मला काय तुमचं विंग्रजी कळत न्हाई. पर उपवर म्हनल्यावर मानसानं ढगाकडं बघायचं आसतंय व्हय?”

जोडी मात्र चोख होती. नियमात काही चूक नव्हती. म्हणूनच मला इतका राग आला. घरी येईपर्यंत मी त्या दोन शब्दांना पायांखाली तुडवत आले.

घरात दादा खुशीत होता. ओसरीवर चहाचे दोन पेले होते. एक रिकामा, एक भरलेला आणि साय धरलेला.

“यमू, काम झालं!” तो ओरडला. “निपाणीची चौकशी आली. पक्की. माझ्या माणसानं जातीनं जाऊन केली.”

“कुणी?”

“नेसरीकर सरांनी.”

माझ्या खांद्यावरची पिशवी खाली घसरली.

“त्यांची बहीण दिलीय निपाणीला,” दादा सांगत होता. “बुधवारी वाटेत भेटले, तेव्हा मी म्हटलं, सर, तुमच्याइतका खरं बोलणारा माणूस गावात नाही, एवढी चौकशी करा. आधी गप्पच झाले. मग म्हणाले, करतो. रजा टाकून गेले बघ! रात्री तिथंच राहिले. आत्ता येऊन सगळं सांगून गेले.”

“काय सांगितलं?”

“सोनं! माणूस म्हणजे सोनं आहे म्हणाले. व्यसन नाही. आईशी आवाज चढवून बोलत नाही. गड्यांना जेवू घातल्याशिवाय कामाला लावत नाही. देवळात चपला रांगेत काढून ठेवतो. वाचनालयाला पुस्तकं देतो. शेजाऱ्याला विचारलं, वैऱ्यालासुद्धा विचारलं म्हणे. वैरीसुद्धा चांगलंच बोलतो!”

“हे सगळं त्यांनी स्वतः सांगितलं? इथं बसून?”

“मग काय फळ्यावर लिहून?”

वहिनी तो भरलेला पेला उचलत होती. “सांगताना सारखं कपाळ पुसत होते,” ती माझ्याकडं न बघता म्हणाली. “आणि चहाला हात लावला नाही. एवढ्या चांगल्या बातमीला माणूस चहा तरी पितो, नाही का वन्सं?”

मी आत गेले आणि भांडी घासायला घेतली. घासलेलीच भांडी. मला रडायचं होतं, पण राहून राहून ‘चपला रांगेत काढून ठेवतो’ आठवायचं आणि हसू फुटायचं. शब्दाचं मूळ शोधावं तसं या माणसानं माझ्या नवऱ्यामुलाचं मूळ शोधून काढलं होतं. नाव, गाव, मामाकूळ. एक अक्षर वाढवून सांगितलं नव्हतं, एक गाळलं नव्हतं. मग मी उपवर आहे हे वाचून त्यांनी आभाळाकडं बोट दाखवलं, त्यात नवल ते काय!

*

रविवारी आमच्या गावचा बाजार. मिरचीचा हंगाम. यार्डात शिरलं की लाल मिरचीच्या राशी अशा पसरलेल्या की जणू कुणी अख्ख्या गावच्या नवरीमुलींचे शालू वाळत घातलेत. आणि जो तो शिंकतोय. सौदा करताना शिंकतात, भांडताना शिंकतात, देवाचं नाव घेतानाही मध्येच एक शिंक येते. तिथं कुणाच्या डोळ्यांत पाणी दिसलं तर कुणी कारण विचारत नाही. मला ती सोय त्या दिवशी फार बरी वाटली.

मी दादाचा डबा घेऊन गेले होते. निपाणीचा माणूस पोती बांधून ट्रकपाशी उभा होता. दादानं रुमालानं नाक पुसलं.

“हं. काय सांगू त्याला?”

मी रात्रभर मनाशी घोकून ठेवलं होतं. शब्द सोपा होता. त्याचं मूळ शोधायला कोश लागत नव्हता.

“नाही म्हणून सांग, दादा.”

“नाही?” तो ओरडला. दोन हमाल थांबले. “का? खोट काय त्यांच्यात?”

“खोट काहीच नाही. चांगले आहेत ते. त्यांना चांगली बायको मिळू दे.”

“मग कारण?”

मी राशीकडं बघत राहिले. दादा माझ्याकडं बघत राहिला. आणि तेवढ्यात राशीच्या पलीकडून एक प्रचंड शिंक आली. तिच्या पाठोपाठ एक छत्री आली. छत्रीच्या पाठोपाठ नेसरीकर सर. आणि त्यांच्या मागं, पाटी डोक्यावर, हौसाक्का. रविवारी ती बाजारात शेंगा विकायची, पण ती विकायला आलेली नव्हती हे तिच्या चालण्यावरूनच कळत होतं.

“दादासाहेब,” सर म्हणाले, “चौकशीत एक गोष्ट सांगायची राहून गेली.”

दादाचा चेहरा उतरला. “निपाणीत काही निघालं काय, सर?”

“नाही. निपाणीचं सगळं सांगितलं. मी... खरं सांगायचं तर खोट सापडावी म्हणून फार शोधली. सापडली नाही. फार चांगला माणूस आहे हो.” हे ते इतक्या दुःखानं म्हणाले की हौसाक्कानं तोंडाला पदर लावला. “पण चौकशी दोन स्थळांची करायला हवी होती. मी एकाचीच केली.”

“दुसरं कुठलं स्थळ?”

सरांनी तोंड उघडलं आणि त्यांना शिंक आली. मग दुसरी. मग तिसरी. डोळ्यांतून घळघळा पाणी. दादानं स्वतःचा रुमाल पुढं केला.

“गाव कुठलं त्या स्थळाचं?” दादानं विचारलं. आता त्याच्या आवाजात ओरडा नव्हता.

“इथलंच.”

“घर?”

“भाड्याचं. दोन खोल्या. पुस्तकं जास्त आहेत.”

“मामाकूळ?”

“आजऱ्याचं. मामा वारले. बहीण निपाणीला असते.”

“काम?”

“मास्तरकी.”

“व्यसन?”

सरांनी थोडा विचार केला. खोटं बोलायची सवय नव्हती. “शब्दांचं आहे,” ते म्हणाले. “सुटेलसं वाटत नाही.”

“आणि खोट?”

“आहे,” ते म्हणाले. “भित्रा आहे. रस्ता ओलांडायला त्याला इतकी वर्षं लागली.”

दादानं आधी सरांकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग पुन्हा सरांच्या त्या पांढऱ्या डाव्या बाहीकडं. आणि एकदम त्याच्या चेहऱ्यावर असं काही उजाडलं की मला लहानपणचा, आंब्याच्या झाडावरून मला हाका मारणारा दादा दिसला.

“यमू,” तो म्हणाला, “हे कारण काय?”

मी मान हलवली. बोलले असते तर शिंकच आली असती.

“आणि हे तू मला सांगत नव्हतीस? मी वेड्यासारखा या माणसालाच चौकशीला पाठवला!” तो कपाळावर हात मारून हसायला लागला. हसता हसता शिंकला, शिंकता शिंकता हसला. मग निपाणीच्या माणसाकडं जाताना वळून म्हणाला, “सर, तुम्ही जाऊ नका. चहा राहिलाय तुमचा कालचा.”

तो गेला. मिरच्यांच्या राशीपाशी आम्ही दोघं समोरासमोर उभे राहिलो. मध्ये रस्ता नव्हता, झेंडाही नव्हता. पहिल्यांदाच. काय बोलावं सुचेना, म्हणून मी तेच बोलले जे मला बोलता येत होतं.

“सर, काल तुम्ही मूळ लिहिलं नाहीत.”

“न्यूबिलसचं?”

“हो. न्यूबेस, म्हणजे ढग. तुम्हाला ते येत नव्हतं, असं मी मानणार नाही.”

“येत होतं,” ते म्हणाले. “पण त्याच्याही मागं एक मूळ आहे, असं काही जाणकार म्हणतात. झाकणं. नवरी पदरानं तोंड झाकते, ढग आभाळ झाकतो. म्हणजे दोघी सख्ख्या बहिणी. काही जाणकारांना ते मान्य नाही. नुसता ढग लिहून थांबणं मला खोटं वाटलं. आणि खात्री नसलेलं मी फळ्यावर लिहीत नाही.”

“मग इथं का सांगताय?”

त्यांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. “कारण ओवी वाचली. गुरुवारी नाही वाचली, निपाणीचं ऐकल्यावर तुमच्या फळ्याकडं बघायचा धीरच झाला नाही. शुक्रवारी मी निपाणीत होतो. शनिवारी परत आलो, तुमच्या दादांना सगळं सांगितलं, शब्द देऊन बसलो होतो म्हणून. आणि तिथून शाळेत गेलो तेव्हा वाचली. पदर तो काढ, कुणीतरी. मग मला लिहिताच येईना. जोडीचा शब्द तेवढा लिहिला आणि आत पळालो.”

“उन्हात ढगाळ,” मी म्हटलं.

“हो,” ते म्हणाले. “हवामान चुकलं.”

हौसाक्का इतका वेळ गप्प बसली हेच नवल. तिनं पाटी खाली ठेवली, कमरेवर हात ठेवले. “ते ढगाचं ऱ्हाऊ द्या. सर, ह्यो मिरचीचा बाजार हाय. हितं तोंडी सौदा बी चारचौघांत बोलून करत्यात. तुमी अजून बाईंचं नाव सुदीक घेतलं न्हाई. रेडेकरबाई, रेडेकरबाई! नाव घ्या बघू.”

“हौसाक्का,” मी म्हटलं, “नाव लग्न झाल्यावर घेतात.”

“न्हवऱ्यानं आदी घेतलं तर काय आभाळ कोसळतंय? आन कोसळंना, सरास्नी ढग आवडत्यात न्हवं?”

हमाल हसले. एकानं पोतं खाली ठेवलं, ऐकायला. सर लाल झाले, मिरचीपेक्षाही. मला माहीत होतं, या माणसाला यमक येत नाही. इतक्या वर्षांत फळ्यावर एक ओळ त्यानं कधी जुळवली नव्हती. मी त्यांना सोडवायला पुढं झाले, तर त्यांनी हात वर केला, वर्गात मुलांना थांबवतात तसा. डाव्या बाहीनं डोळे पुसले. फळा पुसावा तसे. आणि त्या लालभडक बाजारात, सगळ्यांसमोर, एकही शिंक न येऊ देता, माझ्याकडं बघून म्हणाले:

“फळ्यावर लिहिला ढग, मनात होतं ऊन,
यमुनेचं नाव घेतो, रस्ता ओलांडून.”